टंडेल: अंदमानच्या पहारेकऱ्याला होडीवरचं नाव कसं मिळालं

सावरकरांची ‘माझी जन्मठेप’ घ्या, नाहीतर बंगाली क्रांतिकारक बारींद्रकुमार (बारीन) घोष यांच्या अंदमानच्या आठवणी घ्या. वॉर्डर, पेटी ऑफिसर, टंडेल आणि जमादार ही मंडळी पानोपानी भेटतात. कामाला जुंपायला तेच, शिव्या हासडायला तेच आणि साहेबाकडे चुगली करायलाही तेच. आज वाचताना इथे एक गफलत हमखास होते. ‘ऑफिसर’ म्हटलं की डोळ्यांपुढे टोपीवाला गोरा उभा राहतो. टंडेलचं इंग्रजी कागदांतलं रूप ‘टिंडल’, ते तर एखाद्या साहेबाचं आडनावच वाटतं. प्रत्यक्षात ही चारही पदं कैद्यांची होती. खुनाच्या, दरोड्याच्या गुन्ह्यात काळ्या पाण्यावर आलेली माणसं, काही वर्षं निमूट काढल्यावर कमरेला पट्टा मिळालेली.

राखणदार तुरुंगातलाच म्हटल्यावर त्याच्या नावाकडे जरा निरखून बघावंसं वाटतं. इंग्रजीतला जेलर हा मुळात पिंजऱ्यावरचा माणूस. लॅटिनमध्ये छोट्या पिंजऱ्याला जो शब्द होता, तो फ्रेंचमधून इंग्रजीत येता येता ‘जेल’ झाला. वॉर्डर म्हणजे पहारा ठेवणारा. जुन्या इंग्लंडात त्याला नुसतं ‘किल्ली फिरवणारा’ असंही म्हणत. टंडेल या शब्दात मात्र ना पिंजरा, ना किल्ली, ना पहारा. कोकणातल्या कुठल्याही कोळीवाड्यात विचारा, तांडेल कोण ते शेंबडं पोरही सांगेल: होडी हाकणाऱ्यांचा म्होरक्या. तो म्होरक्या पोर्ट ब्लेअरच्या व्हरांड्यात कसा येऊन उभा राहिला, एवढंच या प्रकरणात बघायचं आहे.

आधी टोळी, मग भिंत

सेल्युलर तुरुंगाचा तो ताऱ्यासारखा आराखडा मनात इतका पक्का बसलेला असतो की अंदमान म्हणजे तोच तुरुंग असं वाटतं. पण त्याचं बांधकाम १८९६ साली सुरू झालं आणि १९०६ साली पुरं झालं. कैद्यांची वसाहत त्याच्या जवळजवळ ४० वर्षं आधीची. १० मार्च १८५८ रोजी डॉ. जेम्स पॅटिसन वॉकर २०० कैदी घेऊन पोर्ट ब्लेअरला उतरला. आग्ऱ्याचा तुरुंग सांभाळलेला हा माणूस. इथे सांभाळायला तुरुंगच नव्हता. समोर दाट जंगल, मागे समुद्र. झाडं कैद्यांनीच तोडायची, राहायच्या झोपड्या कैद्यांनीच उभ्या करायच्या. गोरे शिपाई हाताच्या बोटांवर मोजण्याइतके नसले तरी शेकडो कैद्यांना जंगलात जागोजाग पुरतील एवढे नक्कीच नव्हते.

वॉकरने टोळ्या पाडल्या आणि प्रत्येक टोळीवर तिच्यातलाच एक कैदी नेमला. त्याला तेव्हा ‘गँग्समन’ म्हणत. त्यांच्यातही चढत्या पायऱ्या होत्या. ज्याला हे पद मिळे त्याच्या पायातली बेडी जाई आणि अंगावर खूण येई: डोक्याला लाल पागोटं, बिल्ला आणि रंगीत पट्टा.

पुढच्याच वर्षी एक प्रसंग घडला. अंदमानातल्या मूळ रहिवाशांच्या इतिहासात मॉरिस पोर्टमनने तो नोंदवून ठेवला आहे. १४ एप्रिल १८५९ रोजी ४४६ कैदी जंगलतोडीच्या जागी होते, चुली पेटल्या होत्या. त्याच वेळी अंदमानी लोकांनी मोठ्या संख्येने हल्ला चढवला. तीन कैदी जागीच ठार झाले. बाकीचे समुद्राकडे पळाले आणि तिथल्या पहाऱ्याच्या होडीच्या आडोशाला पाण्यात उभे राहिले. अधिकाऱ्यांना नंतर जे समजलं ते मोठं विलक्षण आहे. ज्यांच्या पायात बेडीचं कडं होतं त्यांना हल्लेखोरांनी, अंगावर आले नाहीत तोवर, हात लावला नाही. रोख होता तो बेडी नसलेल्यांवर, लाल पागोटं आणि पट्टेवाल्यांवर. बेड्या घातलेल्या १२ जणांना तर ते आपल्याबरोबर घेऊनच गेले.

हिंदुस्थानी भाषेतलं अक्षर न कळणाऱ्या लोकांनी वर्षभरात हे ताडलं होतं. जंगल तोडणारे हात निराळे आणि तोडायला लावणारा निराळा, आणि दोघांमधला फरक पायाकडे व डोक्याकडे बघून कळतो. आपल्याकडचे कितीतरी वाचक अजून पेटी ऑफिसरला इंग्रज समजतात, त्यांच्यापेक्षा ही मंडळी हुशार म्हणायची.

‘गँग्समन’ हे नाव मात्र तिथे टिकलं नाही. त्याची जागा घेणारे शब्द आले ते आणखी पूर्वेकडून.

सिंगापूरची शिदोरी

कंपनी सरकारने हिंदुस्थानातले कैदी समुद्रापार पाठवायला अंदमानच्या पुष्कळ आधी सुरुवात केली होती. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून सुमात्रा बेटावरचं बेंकूलन आणि मलायाच्या किनाऱ्यावरचं पिनांग इथे त्यांची रवानगी होत असे. १८२५ सालापासून सिंगापूरचीही त्यात भर पडली. तिथल्या दलदली बुजवणं, रस्ते बांधणं, विटा भाजणं या कामांना बंगाल, मद्रास आणि मुंबई इलाख्यांतून गेलेले कैदी होते. सिंगापूरचं सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल त्यांच्याच हातचं. उलटी वाहतूकही चालू होती. तिकडचे चिनी आणि मलायी कैदी मुंबई इलाख्यात पाठवले जात, आणि महाबळेश्वरला भाज्यांचे मळे फुलवले ते या चिनी कैद्यांनी. आज थंड हवा खायला जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना याची खबर असते.

तर पिनांग, सिंगापूर या मलाक्काच्या सामुद्रधुनीच्या वसाहतींत एक पद्धत बसून गेली: पगारी पहारेकरी शक्य तितके कमी, कैदी पहारेकरी शक्य तितके जास्त. कारण उघड होतं, कैदी स्वस्त पडत. शिवाय चालीरीती, भाषा, कोण कुणाचा नातेवाईक, कोण पळायच्या बेतात आहे, हे त्यांना बाहेरून आणलेल्या पहारेकऱ्यापेक्षा चांगलं ठाऊक असे. तिथल्या कैदी खात्याचा प्रमुख राहिलेला मॅकनेअर पुढे १८९९ साली एक पुस्तक लिहून बसला, त्याचं नावच ‘कैदीच आपले पहारेकरी’ अशा अर्थाचं आहे, आणि त्यात या व्यवस्थेचा त्याला वाटणारा अभिमान लपत नाही. त्या व्यवस्थेतल्या कैदी-अंमलदारांच्या पदांमध्ये टिंडल होता.

तो अंदमानात आला एका माणसाबरोबर, असं म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. २२ जानेवारी १८५८ रोजी पोर्ट ब्लेअरला निशाण चढवणारा हेन्री मॅन, त्याने सामुद्रधुनीकडच्या कैद्यांवर काम केलेलं होतं. तोच दहा वर्षांनी, १८६८ साली, वसाहतीचा प्रमुख म्हणून परत आला आणि त्याने तिकडचे नियम अंदमानला लावले. सामुद्रधुनीच्या वसाहती १८६७ सालीच हिंदुस्थानापासून वेगळ्या झाल्या होत्या; तिथले उरलेसुरले कैदीही पुढे अंदमानला हलवले गेले. नियम आले, त्याबरोबर हुद्देही आले.

वल्हं की तांडा?

तरीही प्रश्न उरतोच. सिंगापूरला रस्ता बांधणाऱ्या कैद्यांच्या टोळीवर होडीवरचा शब्द कोणी आणि का लावला?

शब्द जुना आहे. इब्न बतूता चौदाव्या शतकात चीनच्या वाटेवर असताना कैलूकरी नावाच्या बंदरात उतरला. तिथल्या राजकन्येने जहाजावरच्या मानकऱ्यांना मेजवानी दिली. त्या पाहुण्यांची यादी तो देतो: नाखुदा, म्हणजे जहाजाचा धनी, कराणी, म्हणजे लिहिणावळ बघणारा, व्यापारी, लढणाऱ्या लोकांचा सिपहसालार, आणि खलाशांचा म्होरक्या, तंदैल. यातला नाखुदा आपल्या किनाऱ्यावर नाखवा झाला आणि तंदैल तांडेल. साडेसहाशे-पावणेसातशे वर्षांत उच्चार जरासा घासला गेला, काम तेच राहिलं.

मूळ कुठलं याबद्दल दोन मतं आहेत. अँग्लो-इंडियन शब्दांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा जो जाडजूड कोश, त्याच्या विल्यम क्रूकने वाढवलेल्या आवृत्तीत ती शेजारी शेजारी दिली आहेत. पहिलं मत प्लॅट्स या कोशकाराचं: तांडा, म्हणजे माणसांची रांग, काफिला, त्या तांड्याचा पुढारी तो तांडेल. दुसरं मत मद्रास सरकारच्या शब्दसंग्रहातलं: मल्याळममध्ये तण्ड् म्हणजे वल्हं, वल्हं ओढणारा, त्यावरून तण्डल.

मराठी कानाला पहिलंच गोड लागणार. लमाणांचा तांडा आपल्या ओळखीचा. तांडा आणि तांडेल यांचं नातं कोशात बघायचीही गरज वाटत नाही. तरी माझा कल वल्ह्याकडे आहे. इब्न बतूताच्या काळी हा शब्द अरबी बोलणाऱ्या जहाजांवर रुळलेला होता, आणि त्या जहाजांचा राबता होता कालिकत, कोल्लम या मलबारच्या बंदरांशी. वंजाऱ्यांच्या बैलांमागून तो समुद्रात उतरला असता तर जमिनीवरच्या तांड्याच्या नायकालाही कधीतरी तांडेल म्हटलेलं सापडायला हवं होतं. त्याला आपण नाईक म्हणतो. तांडेल सापडतो तो पाण्यावर, बंदरात, गोदीत. जमिनीवर तो चढला कंपनीच्या नोकरीत. तोफखान्यातले, तंबू उभारणारे, अवजड सामान ओढणारे हमाल बरेचसे खलाशी वर्गातले असत. त्यांना लष्करात ‘लस्कर’ म्हणत आणि त्यांच्या मुकादमाला टिंडल. तिथून सरकारी बांधकामांवरच्या मजुरांच्या टोळीचा म्होरक्याही टिंडल झाला. सिंगापूरच्या कैद्यांना सरकार बांधकामाचे मजूर म्हणूनच वापरत होतं. टोळी आली की टिंडल आलाच.

म्हणजे कैद्यांवर नेमताना कुणी बसून, विचार करून हे नाव काढलेलं नाही. कंपनीच्या कारकुनाला वीस-पंचवीस मजुरांच्या वर जो माणूस असतो त्याच्यासाठी हाच शब्द माहीत होता, आणि समोरची माणसं कैदी असल्याने त्याला काही फरक पडला नाही.

त चा ट कसा झाला, तेही याच प्रवासात. आपला दंत्य त इंग्रजी लिपीत गेला की परत येताना ट होऊन येतो. आ आणि अ यांचंही इंग्रजी स्पेलिंगमध्ये काही खरं नसतं. तांडेल साहेबाच्या दफ्तरात टिंडल झाला, दफ्तरातून हुकमात आला, हुकमातून कैद्यांच्या तोंडी गेला. तिथे पंजाबी, बंगाली, मद्रासी, मराठी अशा सगळ्या जिभांवर फिरून तो टंडेल, टंडैल, तंडेल असा काहीही झाला. घरातून लहानपणी पळालेला मुलगा परदेशी कपड्यांत परतावा आणि आईने त्याला ओळखू नये, तसं मराठीत या शब्दाचं झालं आहे. एकाच शब्दाची दोन रूपं आपण वापरतो आणि दोन निराळे शब्द समजतो.

शेजारची नावं

पेटी ऑफिसरची गोष्ट पटकन आटपते. फ्रेंचमधला ‘पेती’ म्हणजे लहान. इंग्रजी आरमारात बढती मिळालेल्या खलाशाला हा हुद्दा देत, आजही देतात. म्हणजे हाही जहाजावरचाच. वॉर्डर तेवढा खरोखर तुरुंगातला शब्द, आणि गंमत अशी की तो शिडीच्या सगळ्यात खालच्या पायरीवर.

वरच्या पायरीवर जमादार. हा शब्द अरबी-फारसी. जमात किंवा जमाव या आपल्या रोजच्या शब्दांचं जे मूळ, तेच याचं. जमाव ज्याच्या हाती तो जमादार. सैन्यातून तो पोलिसात आला, महाराष्ट्रात हेड कॉन्स्टेबलला लोक अजून जमादार म्हणतात. जामदारखान्यातला जामदार वेगळा, तो ‘जामा’वरून, राजाची वस्त्रं सांभाळणारा. या दोघांची गल्लत होते म्हणून सांगितलं.

आता शिडी पुन्हा बघा. टोळीचा म्होरक्या, जमावाचा म्होरक्या, बढती मिळालेला खलाशी. अंदमानच्या कैदी-अंमलदारांच्या चारांतली तीन नावं ज्यांच्यावर अंमल गाजवायचा त्यांच्यातूनच वर आलेल्या माणसाची आहेत. कुलूप बघणाऱ्याची नाहीत. मराठी मुलखातल्या तुरुंगाची शब्दसंपत्ती याहून अगदी निराळी आहे. तुरुंग हा शब्दच पोर्तुगीज ‘त्रोंको’वरून आलेला, म्हणजे ज्या ओंडक्यात पाय अडकवत तो खोडा. आपल्याकडे कैदेचं नाव अडकवण्यावरून पडलं. अंदमानात राखणदाराचं नाव राबवण्यावरून.

पट्टा

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जन्मठेपेच्या कैद्याचा अंदमानातला जीवनक्रम सरकारी वर्णनांत आखून दिलेला आहे. पहिले सहा महिने सेल्युलर तुरुंगात एकांतात. मग दीड वर्ष इतरांबरोबर सक्तमजुरी. त्यानंतर तीन वर्षं बराकीत राहून बाहेरची कामं, दाम काही नाही, पण या काळात माणूस कसा आहे हे बघितलं जाई. पाच वर्षं अशी गेली की पुढच्या पाच वर्षांत तो देखरेखीच्या लहानसहान पदांना पात्र ठरे आणि त्याला थोडा भत्ताही मिळे. दहा वर्षं झाली की परवाना घेऊन स्वतः कमवून खायची मुभा.

कागदावर ही रचना शहाणपणाची दिसते. तुरुंगात ती कशी चाले, ते बघायला कोलूपाशी जावं लागतं. नारळाचं तेल काढायचा घाणा. बैलाच्या जागी कैदी. सावरकर ४ जुलै १९११ रोजी तिथे पोचले आणि पुढे त्यांनाही त्यावर जुंपण्यात आलं. दिवसाला ३० पौंड, म्हणजे साडेतेरा किलोच्या वर, तेल भरलं पाहिजे. संध्याकाळी माप होई. माप कमी भरलं की कैद्याला शिक्षा, पण कैद्यावर नेमलेल्या पेटी ऑफिसरलाही जाब द्यावा लागे, आणि त्याच्या वर टंडेलला. आयरिश जेलर डेव्हिड बारी हातात सोटा घेऊन सगळीकडे हजर असण्याची गरजच नव्हती. प्रत्येकाच्या कमरेचा पट्टा उतरवायची ताकद त्याच्याकडे होती, तेवढी पुरेशी होती. पट्टा उतरला की तो माणूस परत घाण्यावर. आणि कालपर्यंत ज्यांना त्याने लाथा घातल्या, त्यांच्याच रांगेत.

बारीन घोष आणि सावरकर या दोघांच्याही लिहिण्यात या माणसांबद्दलचा संताप भरभरून आहे, आणि तो समजण्यासारखा आहे. तंबाखू हे तिथलं नाणं. तंबाखू पोचवली तर काम हलकं, नाही पोचवली तर लघवीला जायचीदेखील चोरी. पण दोघांच्याही वर्णनांतून, त्यांनी तसं म्हणायचं ठरवलेलं नसतानाही, आणखी एक गोष्ट दिसत राहते: हा पहारेकरी सतत घाबरलेला आहे. राजकीय कैद्याशी दोन शब्द गोड बोलताना कुणी पाहिलं तर पट्टा गेला. म्हणून बघणाऱ्यांसमोर तो जास्तच ओरडतो. त्यांच्यातला एखादा आडबाजूला गेल्यावर निरोप पोचवतो, एखादा वर्तमानपत्राचा तुकडा सरकवतो. कोठडीची कडी मात्र दारापासून लांब, भिंतीतल्या कोनाड्यात सरकवलेली. गजांतून हात घालून ती आतल्याला सापडू नये अशी. ती रचना साहेबाची. व्हरांड्यात रात्री कंदील घेऊन फेऱ्या मारणारा मात्र कैदी.

राजकीय कैद्यांना ही शिडीच बंद होती. सावरकरांच्या गळ्यात ‘डी’ अक्षराचा, म्हणजे ‘धोकादायक’चा बिल्ला. १४ नोव्हेंबर १९१३च्या अर्जात त्यांनी या कोंडीवर नेमकं बोट ठेवलं आहे. चांगलं अन्न किंवा वेगळी वागणूक मागितली तर उत्तर मिळे, तुम्ही साधे कैदी आहात; आणि साध्या कैद्यासारखी बढती मागितली तर, तुम्ही खास कैदी आहात. एखादा सुशिक्षित राजबंदी टंडेल झाला असता तर ती साखळी कशी हलली असती, याची बारीला पुरती कल्पना असावी. शेवटी १९२०च्या सुमारास सावरकरांकडे तेलाच्या कोठाराची देखरेख आली, तीही नऊ वर्षांनंतर.

कायद्याच्या भाषेत

कैदी-पहारेकरी हे केवळ अंदमानचं खूळ नव्हतं. १८९४च्या कारागृह कायद्याचं २३वं कलम म्हणतं, की तुरुंगाचे अंमलदार म्हणून नेमलेले कैदी दंडसंहितेच्या अर्थाने लोकसेवक मानले जातील. एकाच माणसाला दंडसंहितेने गुन्हेगार ठरवायचं आणि त्याच दंडसंहितेने लोकसेवकही ठरवायचं, असा हा मामला. त्याच्यावर हात उगारला तर तो शेजारच्या कैद्याशी झालेला तंटा राहत नाही, सरकारी नोकरावरचा हल्ला ठरतो.

मुख्य भूमीवर मात्र टंडेल हा शब्द या कामी आलेला दिसत नाही. इथे तो कैदी वॉर्डर किंवा कैदी ओव्हरसियर. मार्च १९२२ ते १९२४च्या सुरुवातीपर्यंत गांधीजी येरवड्यात होते, तेव्हा त्यांच्यावर असे कैदी वॉर्डर नेमले होते, आणि सुटल्यावर त्यांनी त्यांच्याबद्दल मन लावून लिहिलं. त्यातला एक आदन, तरुण सोमाली शिपाई, महायुद्धात ब्रिटिश सैन्यात शिरलेला आणि पळून गेल्याबद्दल १० वर्षांची सक्तमजुरी झालेला. एडनच्या तुरुंगातून तो येरवड्याला आला होता. अंदमानच्या आठवणींतला पेटी ऑफिसर आणि हा आदन, पद म्हटलं तर एकच. फरक पडला तो वरच्या अधिकाऱ्याने त्या पट्ट्याला कोणतं काम लावलं त्यामुळे, असं मला वाटतं. माणसं चांगली-वाईट दोन्हीकडे असणारच.

टोळीच्या म्होरक्याला राखणदार करायच्या या पद्धतीत एक लबाडी आहे आणि ती नावात झाकली गेली. होडीवरचा तांडेल हुकूम सोडतो, जाळं कुठे टाकायचं, वारा फिरला तर कधी मागे वळायचं ते ठरवतो, म्हावरं विकून आलेल्या पैशात त्याचा वाटा खलाशापेक्षा मोठा असतो. पण होडी बुडाली तर तोही बुडतो. म्हणून खलाशी त्याचं ऐकतात. अंदमानच्या टंडेलला नाव तेच, हुकूम तसाच, वाटाही थोडा जास्त. बुडण्याची भागीदारी तेवढी काढून घेतली होती. उलट खालचे जितके पिचतील तितका त्याचा पट्टा पक्का.

कागद वाचताना

हिंदुस्थानातल्या तुरुंगांची पाहणी करणाऱ्या १९१९-२०च्या कार्ड्यू समितीने अंदमानची हद्दपारी बंद करावी अशी शिफारस केली. १९२१च्या मे महिन्यात सावरकर बंधू हिंदुस्थानात परत आणले गेले. तरी कैदी जातच राहिले, १९३२ पासून राजकीय कैदीही पुन्हा पाठवले गेले, आणि कैद्यांची वसाहत रीतसर मोडली ती जपानी ताबा उठल्यावर, १९४५ साली. तिच्याबरोबर तुरुंगातला टंडेल संपला. महाराष्ट्राच्या तुरुंगात आज शिपाई, हवालदार, सुभेदार आणि वर तुरुंगाधिकारी. ही सगळी शिडी लष्करातून आलेली. तांडेल हा शब्द मच्छीमारी नौकांवर आहे, गोदीत आहे, आणि मुंबईपासून दमणपर्यंतच्या किनाऱ्यावर आडनाव म्हणून आहे. त्या आडनावाचा अंदमानशी काही संबंध नाही; कुणी तसं विचारलं तर खुशाल हसावं.

अंदमानला गेलेल्या पूर्वजांचा शोध घेणारी घरं आता बरीच आहेत, आणि जुन्या नोंदी हळूहळू लोकांच्या हाती येत आहेत. त्या वाचताना तीन-चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. इंग्रजी नोंदीत नावापुढे ‘टिंडल’ दिसलं तर ते आडनाव समजू नये, हुद्दा समजावा. स्पेलिंग टिंडल, टिंडेल, टंडल, टंडेल असं कसंही असेल. ‘पेटी ऑफिसर’ दिसला तर तो युरोपियन असेल असं गृहीत धरू नये. १८६०च्या आसपासच्या कागदांत याच कामाच्या माणसाला ‘गँग्समन’ म्हटलेलं सापडेल. आणि एखाद्याच्या नावापुढे एका वर्षी टिंडल आणि पुढच्या वर्षी नुसता मजूर कैदी असं लिहिलेलं असेल, तर ती कारकुनाची चूक धरून पुढे जाऊ नये. त्या दोन नोंदींच्या मधल्या काळातल्या शिक्षांचं रजिस्टर मिळतं का ते बघावं. पट्टा कशामुळे उतरला, ते तिथेच सापडण्याचा संभव आहे.